टाकीतलं विरजण

दूध कोमट झालं का, ते मी करंगळी बुडवून बघत होते. विरजणाची वाटी डाव्या हातात होती. चमचाभर घालून ढवळायचं आणि वर झाकण ठेवायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात दार वाजलं आणि हे आत आले, भर दुपारी. कामाची पाळी संपायला अजून वेळ होता. पायातले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटसुद्धा काढलेले नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात हे बूट घालून उंबऱ्याच्या आत आले, ते त्याच दिवशी.

"मेलं," म्हणाले आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

"कोण?" मी विचारलं.

"विरजण."

मी हातातल्या वाटीकडे बघितलं. मग डोक्यात प्रकाश पडला आणि वाटी खाली ठेवली. आमच्या घरात विरजण म्हटलं की दोन गोष्टी निघतात. एक माझ्या वाटीतलं, आणि दुसरं यांच्या टाकीतलं.

आमचे हे गावाच्या सांडपाण्याच्या कामावर टाकी सांभाळतात. लग्न ठरवताना मध्यस्थाने माझ्या वडिलांना "मुलगा पाणी खात्यात आहे" एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. कुठलं पाणी, ते वडिलांनी विचारलं नाही आणि मध्यस्थाने सांगितलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा यांचा कामाचा सदरा धुवायला घेतला तेव्हा मला उलगडा झाला. मी सदरा चिमटीत धरलेला बघून हे हसायला लागले. म्हणाले, "घाबरू नकोस, त्यात तुझ्या-माझ्या सगळ्या गावाचं थोडं थोडं आहे." गल्लीतले लोक यांना 'अत्तरवाले' म्हणतात. "काय अत्तरवाले, आज कुठला वास?" असं कोणी छेडलं की हे न चिडता सांगतात, "तुमच्याच बागेतली फुलं आहेत, साहेब. मी नुसता गाळून देतो."

टाकी म्हणजे नक्की काय, ते मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी माझ्या ओट्यावरचीच वाटी उचलली. "तू दुधात विरजण घालतेस, मग रात्रभर दही कोण लावतं? तू?" "देव," मी म्हटलं. "बरं, देव. पण देवाने त्या कामाला डोळ्यांना न दिसणारी माणसं ठेवलीत ना? तशीच आमच्या टाकीत आहेत. गावाची घाण येते, ती खातात. खाऊन जड झाली की तळाशी बसतात. वर राहतं ते स्वच्छ पाणी समुद्रात जातं. मी फक्त त्यांना हवा पुरवतो आणि उपाशी ठेवत नाही."

तेव्हापासून ते विरजणच झालं. कामावरची बाकीची माणसंही तेच म्हणायला लागली. इंजिनीअर बाई नवीन आल्या तेव्हा कागदांमध्ये त्याला भलतंच लांबलचक नाव होतं, महिन्याभरात त्याही "मामा, आज विरजण कसं आहे?" असं विचारू लागल्या. हे रोज काचेच्या उभ्या भांड्यात टाकीतलं पाणी घ्यायचे आणि ते निवळेपर्यंत तिथेच उभे राहायचे. गाळ ओल्या मातीसारखा तपकिरी दिसला आणि खाली नीट बसला, की त्या दिवशी घरी येताना शीळ वाजवत यायचे. त्या शीळेवरून मी पोळ्यांचा तवा ठेवायची.

यांच्याबद्दल सांगायचं तर वन्संबद्दल सांगावंच लागतं. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, अक्का. यांची आई लवकर गेली. वडील बोटीवर, किनाऱ्याला लागले तरी घराला लागतीलच असं नाही. अक्काने यांना वाढवलं. ओहोटी लागली की ती यांना कडेवर घेऊन खाडीच्या चिखलात जायची, फळीवर बसवायची आणि शिंपले काढायची. यांचं शिक्षण, कपडे, आजारपण, सगळं त्या शिंपल्यांवर झालं. तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. अजूनही ती यांना 'धाकल्या' म्हणून हाक मारते आणि हे कितीही मोठ्या माणसाशी बोलत असले तरी "ओ, अक्का" म्हणून वळतात.

टाकी बांधली जाण्याआधी गावाची सगळी घाण थेट खाडीत जायची. ते शिंपले खाऊन लोक आजारी पडायला लागले आणि घेणाऱ्यांनी पाठ फिरवली. अक्का टोपली घेऊन दारोदार फिरायची आणि तशीच परत यायची. मग टाकी आली. हे गटारं उपसायच्या टोळीत होते, तिथून टाकीवर गेले. हळूहळू खाडी निवळली, तपासणीत शिंपले चांगले ठरले आणि घेणारे पुन्हा दारात आले. अक्का सगळ्या बायकांना सांगायची, "समुद्र देवाने केला असेल, पण धुतला आमच्या धाकल्याने." मी म्हणायची, "वन्सं, देवाचं नाव तरी आधी घेताय, हे काय कमी आहे?" त्यावर ती हसून यांच्या पाठीत धपाटा घालायची. टाकी चालली की अक्काची चूल चालते, हे आम्हा तिघांनाही न बोलता ठाऊक होतं.

आणि ती टाकी आता मेली होती, तीही दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा मेली ती मागच्या उधाणानंतर. टाकीवर राखाडी फेस चढला, गाळ बसेना, वास बदलला. यांना पहिल्या क्षणी संशय आला तो पुलापलीकडच्या धुलाईवाल्याचा. त्यानेच कसलं तरी औषध गटारात सोडलं असणार, असं धरून हे त्याच्या दुकानात जाऊन इतकं बोलले की तो बिचारा शेवटी म्हणाला, "अहो, तुमच्या कामावरचे गणवेशसुद्धा आम्हीच धुतो! तुमची घाण आमच्याकडे येते, आमची तुमच्याकडे. कोणी कोणावर ओरडायचं?" हे तसेच परत आले, पण मनातून संशय गेला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, ते असं.

मग शेजारच्या गावाच्या टाकीतून टँकर भरून विरजण आणलं. माझ्या दारी शेजारीण वाटी घेऊन येते तसे हे टँकरबरोबर गेले आणि तान्ह्या मुलाला घरी आणावं तसं ते घेऊन आले. टाकीतलं पाणी पुन्हा तपकिरी व्हायला लागलं. शीळ ऐकू आली. मी देवापुढे बसून डोळे पुसले. आणि पुढचं उधाण आलं.

"या खेपेला बाईंनी पंपाच्या विहिरीतलं पाणी मोजलं," हे भिंतीशी बसूनच सांगत होते. गावातलं सगळं सांडपाणी आधी त्या विहिरीत गोळा होतं आणि तिथून पंपाने टाकीत चढतं. "बाई म्हणाल्या, मामा, हे गटाराचं पाणी नाही, हा अर्धा समुद्र आहे. खारं पाणी चढलं की विरजण मरणारच. तुझ्या दुधात मूठभर मीठ टाकल्यासारखं."

"समुद्र विहिरीत कसा येईल?"

"तेच बघायला चाललोय. जुन्या पावसाळी नळाची झडप."

विहिरीच्या शेजारून गावाचं पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी नेणारा जुना नळ जातो आणि खाडीत उघडतो. मध्ये बुटकी भिंत आहे. नळाच्या तोंडाला वरून टांगलेली लोखंडी झडप आहे. आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, समुद्र बाहेरून दाबतो तेव्हा ती मिटते. मला हे ठाऊक, कारण वन्संचा डबा द्यायला मी त्या बाजूला नेहमी जाते. तेव्हाही डबा द्यायचाच होता. मी दुधावर ताट झाकलं, डबा घेतला आणि यांच्याबरोबर निघाले.

ओहोटी पूर्ण लागली होती. चिखलात बायका वाकून काम करत होत्या. झडपेपाशी पोचलो तर ती मिटलेली नव्हती. खालच्या बाजूला लाकडाची एक जाड पाचर ठोकलेली होती आणि फटीतून स्वच्छ पाण्याची करंगळीएवढी धार खाली चिखलात पडत होती. धारेच्या भोवती शिंपल्यांचे नुसते घोस लागले होते.

हे पाचरीला हात घालणार तोच लांबून हाक आली, "ए धाकल्या! हात लावू नको त्याला!"

अक्का चिखलातून पाय उपसत आली. गुडघे दुखतात तिचे, तरी तरुण पोरीसारखी लगबगीने आली. "मीच ठोकलीय ती," ती धापा टाकत म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर केवढं कौतुक होतं. "आत इतकं गोडं पाणी नुसतं तुंबून राहायचं. खाऱ्या पाण्यात गोड्याची धार लागली की शिंपलं कसं भरतं, ते आमची आजी सांगायची. आणि बघ, भरलं की नाही!" तिने कमरेची सुरी काढून एक शिंपला उघडून यांच्या नाकासमोर धरला. खरोखरच काठोकाठ भरलेला होता. "घेणारा म्हणतो, अक्का, असला माल मी जन्मात बघितला नाही. मी कुणाला गुपित सांगितलेलं नाही हं. तूही बोलू नकोस."

मी यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. ज्या फटीतून गोडं पाणी बाहेर पडत होतं, त्याच फटीतून उधाणाला समुद्र नळात शिरत होता आणि बुटक्या भिंतीवरून विहिरीत सांडत होता.

"असा काय बघतोस? भूत बघितल्यासारखा?"

"काही नाही अक्का." यांचा आवाज इतका हलका होता की मलाच ऐकायला कष्ट पडले. "झडप... झडप रंगवायची आहे. काढावी लागेल पाचर."

"मग रंगवून झाली की परत ठोक. तुझ्यासारखं नीट कुणाला जमणार नाही."

यांनी पाचर हलवून हलवून काढली. झडप खाडकन मिटली आणि धार थांबली. पाचर यांनी लांब पाण्यात भिरकावली. ओहोटीबरोबर ती वाहत गेली. अक्का म्हणाली, "अरे, लाकूड चांगलं होतं की रे!"

परत येताना मी विचारलं, "सांगणार का?"

"कोणाला? बाईंना की अक्काला?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी आले तर उन्हाळ्याचं दूध नासून गेलं होतं. रोजच्या वहीत त्या दिवशी माझ्याने एवढंच लिहवलं: दूध नासलं.

बाईंना यांनी काय सांगितलं ते मला यांनीच संध्याकाळी सांगितलं. बाई वाईट नाहीत. यांच्यासाठी खुर्ची ओढून दिली आणि विचारलं, "मामा, झडप का उघडी होती?"

"लाकूड अडकलं होतं."

"अडकलं होतं, की कोणी अडकवलं होतं?"

"समुद्र काय काय आणून टाकतो, बाई."

बाईंनी वही पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, "झडपेवर लक्ष ठेवायचं काम तुमच्याकडे आहे. टाकी दोनदा गेली. मला तुमच्या नावावर लिहावं लागेल. दुसरं काही असेल तर आत्ता सांगा, मी ऐकते आहे."

"लिहा," हे म्हणाले.

खोटं बोलू नये, हे मी लहानपणापासून देवापुढे म्हणत आले आहे. त्या संध्याकाळी मी यांना म्हटलं, "खाल्ल्या मिठाला जागलात तुम्ही." हे इतक्या कडवट हसले की मी परत तो शब्द काढला नाही. म्हणाले, "मिठानेच तर मारलं."

यांना वाटलं होतं, आपल्या नावावर घेतलं की भागलं. अक्का सुटली, खाडी सुटली. पण तसं नव्हतं. शेजारच्या गावाने कळवलं, आता लगेच विरजण मिळणार नाही, त्यांचीच टाकी कमकुवत झाली आहे. तोवर गावाचं पाणी जसंच्या तसं खाडीत जायला लागलं. तपासणीवाले आले, चिखलातून शिंपले घेऊन गेले. निकाल काय येणार ते यांना आधीच ठाऊक होतं. शिंपला पाणी गाळून खातो, त्यामुळे पाण्यातली घाण त्याच्या पोटात साठते. पुढच्या सूचनेपर्यंत शिंपले काढायला बंदी, असा हुकूम निघाला. बाई म्हणाल्या, टाकी महिन्या-दोन महिन्यांत उभी राहील, पण खाडी निवळायला निदान वर्ष लागेल, कदाचित जास्त. तरुण बायका दुसरं काही बघतील. अक्काच्या वयाला 'पुढची सूचना' म्हणजे काय, ते न बोललेलंच बरं. घेणाऱ्याने तर हुकूम निघायच्या आधीच गाडी पाठवणं बंद केलं.

यांना टाकीवरून काढून पुन्हा बाहेरच्या टोळीत घातलं. ज्या टोळीतून वर आले होते, त्याच टोळीत. टाकीवर दुसरा माणूस आला. तो चांगला आहे म्हणतात. हे त्याला काचेच्या भांड्यात काय बघायचं ते शिकवायला गेले होते. तो म्हणाला, "मला शिकवलंय, मामा," आणि तेही खरंच होतं. हे परत आले.

मग एक दिवस अक्का आली. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"तू ती धार बंद केलीस," ती यांना म्हणाली, "तिथपासून खाडी बिघडली."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण नाही. तिचा हिशोब सरळ होता. पाचर होती तोवर शिंपलं कसं लोण्याच्या गोळ्यासारखं. धाकल्याने पाचर काढली, गोडं पाणी थांबलं आणि महिन्याच्या आत बंदी. तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं सगळं. तिला कोण चुकीचं ठरवणार?

"तुला सांगितलं होतं ना, रंगवून झाली की परत ठोक म्हणून? नाही ठोकलीस. वरून टाकीही मारलीस. सगळं गाव म्हणतंय, तुझ्याच नावावर लिहिलंय. मी भांडले लोकांशी. म्हटलं, माझा धाकला असा नाही. विचारते तरी. सांग, तुझं लक्ष नव्हतं का?"

"नव्हतं, अक्का," हे म्हणाले.

माझं तोंड उघडलं. "वन्सं, अहो, ती पाचर—"

यांनी माझ्याकडे बघितलं. तसं यांनी माझ्याकडे यापूर्वी कधी बघितलेलं मला आठवत नाही.

"काय पाचर?" अक्काने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी देऊ का तुम्हाला?"

"पाणी!" ती म्हणाली. "तुमच्या घरचं पाणीच तर प्यायलं खाडीने." मग यांच्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "याच हातांनी भरवलंय रे तुला मी." आणि हात बघत बघत निघून गेली. भेगांमध्ये चिखल बसून बसून काळे झालेले ते हात, आता कोरडे ठणठणीत होते.

त्यानंतर तिने आमच्या दारात पाऊल ठेवलेलं नाही. मी डबा पाठवते, तो न उघडता परत येतो. हे संध्याकाळी तिच्या घरावरून चक्कर मारून येतात. ती ओट्यावर बसलेली असली तर उठून आत जाते. घरात शिरताना हे बूट बाहेर काढतात, हातपाय धुतात, जेवतात, विचारलं तेवढंच बोलतात. परवा मी म्हटलं, "एकदा सांगून टाका. तुमची बहीण आहे, समजून घेईल."

"समजेल," हे म्हणाले. "म्हणूनच नाही सांगत. आज तिला वाटतंय, भावाने घात केला. हे कळलं तर तिला कळेल, आपण सगळ्या बायकांच्या पोटावर पाय दिला. त्या बायकांना तोंड कसं दाखवेल ती? माझ्यावर रागावून तरी जगते आहे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो आता आम्हा दोघांच्या वाट्याला आहे. मी रोज देवापुढे बसते, पण काय मागायचं तेच सुचत नाही. टाकी बरी कर म्हणावं, तर ती होईलच. त्यासाठी देव नको, टँकर पुरे. खरं बाहेर येऊ दे म्हणावं, तर म्हातारी मोडेल. बाहेर येऊ देऊ नको म्हणावं, तर हे आतून झिजताना मला दिसतात. खोट्यासाठी हात जोडायची मला सवय नाही. मग नुसती बसते आणि उठते. पूर्वी उठताना जरा हलकं वाटायचं. आता वाटत नाही, तरी बसते.

आज टोळीच्या मुकादमाने यांच्या हातात एक हातोडा, खिळ्यांची पिशवी आणि पाट्यांचा गठ्ठा दिला. पाट्यांवर लाल अक्षरांत लिहिलं आहे: शिंपले काढण्यास सक्त मनाई. हे म्हणाले, "दुसऱ्या कुणाला द्या." मुकादम म्हणाला, "अत्तरवाले, खाडी तुमच्याइतकी कुणाला माहीत आहे?" त्याने चांगल्या मनानेच म्हटलं असेल.

बायका अजून ओहोटीला चिखलाच्या कडेला येऊन बसतात. काढायचं काही नसलं तरी येतात, आणि अक्का सगळ्यांत पुढे असते. उद्या सकाळी ओहोटी लागली की हे त्या पाट्या ठोकायला खाडीवर जाणार आहेत.